सहादेव आजोबांचं नाक

सुहासने फोटोच्या काचेवरचा थर खरवडला आणि तो पात्यावर लोण्यासारखा गोळा झाला. लोणी असतं तर बरं. हे तूप होतं, मेलेल्या उंदराच्या वासाचं. त्यात काजळी, कुंकू आणि माश्यांचे पाय. नुसते पाय. बाकीच्या माश्या कुठे गेल्या, हे सुहासला विचारवेना.

केडगावात जुने फोटो दुरुस्त करणारा तो एकटाच. आज त्याने हातमोज्यांवर हातमोजे चढवले होते आणि नाकाला कापराचा रुमाल बांधला होता. थरावर बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते. म्हणजे ही घरची मंडळी जेवून फोटोतल्या आजोबांना हात पुसत होती.

फोटो जामखेडच्या अजिनाथने आणला होता. चौकटीत त्याचे आजोबा, सहादेव. फेटा, कोट आणि घाणीतून धूसर बघणारा चेहरा.

“सोयरिकीला पावनं यायचेत,” अजिनाथ म्हणाला. “वासानं घरातलं कुणी जवळ जात न्हाई, पावनं काय जेवनार? आज्जीला सांगितलंय, निस्ती चौकट बदलायची. हितंच आत्याकडं बसलीय, न्यायला यील. पन जपून बरं का, सायेब. आज्याचा दुसरा फोटो न्हाई. तिचा जीव हाय त्यात.”

सुहासने शेवटचा बोळा फिरवला. काच लख्ख झाली. फेटा आला. कोट आला. कोटाची बटणंसुद्धा आली. मधे आजोबा नव्हते.

चेहरा कसरीच्या किडीने खाऊन टाकला होता. आरपार, मागचा पुठ्ठा दिसेपर्यंत. इतके दिवस आजोबा फोटोत नव्हतेच, काचेवर होते. मिशी काजळीची, नाक तुपाचं. आणि सुहासने त्यांना नुकतंच कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्यावर टाकलं होतं.

“आज्जी आली,” अजिनाथ दारातून म्हणाला.

सुहासने डब्यात हात घातला. मोजे फाटले. चोथा बाजूला सारत त्याने हाताला लागतील तेवढे आजोबा वर काढले आणि काचेवर थापले. मिशी जमली. एका डोळ्यात चहाची पत्ती गेली. नाक त्याने अंगठ्याने दाबून बसवलं. घाणीतून आपोआप उमटलेला माणूस मुद्दाम कसा उमटवायचा?

आज्जी, छबूबाई, आत आल्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला. मग सुहासच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. अजिनाथने चपलांकडे बघायला सुरुवात केली.

छबूबाईंनी कनवटीच्या दोन डब्या काढल्या, एक तुपाची, एक काजळाची. करंगळी तुपात बुडवली, मग काजळात.

“नाक बसकं काढलं तुमी,” त्या म्हणाल्या. “सरका तिकडं. कसर लागल्यापासनं रोज मीच काढती.”