धाकट्याचा कट्टा

"आधी घोडा मागं ओढायचा, मग चाप," शिवतेज म्हणाला. पहाटे बापानं पढवलेलं त्यानं बिनचूक सांगितलं.

फौजदार अंकिता सावंत त्याच्याकडे बघत राहिल्या. दादासोच्या पेंढ्याच्या गंजीत पोलिसांना गावठी कट्टा सापडला, तेव्हा त्याची दोन्ही पोरं घरी नव्हती. आज त्या पाटणहून चौकशीला आल्या होत्या.

"कुणाकडनं आणलास?"

"शिरवळला एकानं ठेवायला दिलावता."

हेही पढवलेलंच. कट्टा थोरल्या रविराजचा होता. तो मान खाली घालून उंबऱ्यात बसला होता, आणि पुढच्या महिन्यात त्याची सैन्यभरती होती. दादासो स्वतः फौजेतनं निवृत्त झालेला. पोराच्या अंगावर वर्दी बघायची, एवढी एकच आस त्याला उरली होती.

त्याच्या भावानं, भाऊसोनं, रात्री वाट दाखवली होती. "शिवतेजला अठराला अजून सा म्हयनं हाईत. बाल न्याय मंडळापुढं जाईल, समज दिऊन सोडत्याल. रवीवर गुन्हा लागला तर भरती गेली म्हणून समज."

शिवतेजनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. थोरल्यासाठी तो विहिरीतही उडी मारेल, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"वय?" अंकितांनी विचारलं.

"सतरा," दादासो घाईनं म्हणाला.

"तोंडी सांगितलेलं चालत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख कायद्याला खरी."

"बघा की," दादासो म्हणाला. त्याचं सगळं लक्ष बायकोवर होतं. मंगल रात्रीपासून त्याच्याशी बोलली नव्हती. धाकट्यावर तिचा जीव. ही ऐन वेळी घात करणार, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

अंकिताही तिच्याकडेच वळल्या. "ताई, खरं सांगा. कट्टा कुणाचा?"

मंगलनं पदर तोंडाशी धरला.

"धाकट्याचाच," ती म्हणाली.

दादासोनं श्वास सोडला. उगीच संशय घेतला बिचारीवर.

"पोरगं वंगाळ न्हाई ओ," मंगल पुढं बोलतच राहिली. "लय मायाळू हाय. रवीला शाळंत घातला तवा ह्यो पाच वर्साचा, त्याचं बोटच सोडंना. मग ह्यांनी गुरुजींला इनवून दोघांस्नी एकदमच पयलीत बसवलं."

अंकितांची मान हळूच वर झाली. "पाच वर्षांचा पोरगा? सहा पुरी असल्याशिवाय घेत नव्हते तेव्हा. मग शाळेत वय किती लावलं? दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच आलं असणार."

मंगलनं नवऱ्याकडे बघितलं.

दादासो रजेवर आला होता तेव्हा. शाळेच्या दारात हसत हसत त्यानंच म्हटलं होतं, "पाच कशाला, सा पुरी लावा की गुरुजी. एका वर्षानं पोराचं काय बिघडतंय?"