शाबूत पंख

“विमान पुन्हा उभं राहील की नाही, एवढंच सांगा,” कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. “बाहेर कॅमेरेवाले ताटकळलेत.”

तिने वर पाहिलं. डोक्यावर हँगरचं छत नव्हतं. बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या तुळया तेवढ्या लोंबत होत्या. समोर ते अवाढव्य मालवाहू विमान पोट फाटून पडलं होतं. जगात असं पुरं बांधलेलं एकच होतं. नाक आणि अर्धं धड जळून कोळसा झालेलं. जमिनीला टेकलेल्या पंखांचा पांढरा रंग मात्र नुसता पिवळटला होता. पलीकडच्या शेडमध्ये अशाच दुसऱ्या विमानाचं अर्धवट धड वर्षानुवर्षं पडून होतं. त्याला हे पंख बसवायचे, असा बेत. पंख चालतील, एवढं इंजिनियर म्हणून तिने सांगायचं होतं.

“हो म्हणा, वहिनी,” तिचा धाकटा दीर म्हणाला. हे विमान तोच उडवायचा. तिचा नवरा इथला फोरमन. विमान ओढून काढायला ट्रॅक्टर घेऊन पेटत्या हँगरमध्ये शिरला, तो परत आलाच नाही. “दादाने याच्यासाठी जीव दिलाय.”

तिने भिंतीवरची आगीची कुऱ्हाड काढली, दोन्ही हातांनी उगारली आणि पंखाच्या मागच्या कडेवर घातली. ठण्ण वाजलंच नाही. पातं भसकन आत गेलं.

“धातूचा कस गेलाय,” ती म्हणाली. “आतल्या आत भाजून निघालेत. हे पंख आकाशात मोडतील, माणसांसकट.”

दिराने कुऱ्हाडीवर झडप घातली. तिने सोडली नाही, तसं त्याने तिचं मनगट पिरगाळून तिला ढकललं. ती चाकाच्या लोखंडावर आदळली. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं.

“तुला दादा कधी कळलाच नाही!” ओरडत त्याने पंखावर घाव घातला. धातू झणझणेल, हात मागे फेकला जाईल, या आशेने पुन्हा घातला. पुन्हा. प्रत्येक घाव आत शिरत गेला. साहेब “अहो, काय चाललंय!” म्हणत मध्ये पडले, तर दांड्याचा तडाखा त्यांच्या खांद्यावर बसला. ते कळवळत बाहेर पळाले. पंखाचा पत्रा लांबलचक फाटून लोंबायला लागला, तेव्हा कुठे दीर थांबला.

“वहिनी,” तो धापा टाकत म्हणाला, “मग दादा कशासाठी गेला?”

तिने डोळ्यातलं रक्त पुसलं. तेवढ्यात बाहेरून साहेबांचा आवाज आला, चांगला खणखणीत. “पंख शाबूत आहेत! आपलं विमान पुन्हा उडणार!” टाळ्या पडल्या.

दीर कुऱ्हाड घेऊन तसाच दाराकडे निघाला. ती त्याला आडवी गेली.

“त्यांचं डोकं फोडून काय होणार, भाऊजी? द्या ती इकडे.”

तो तिच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिला. हळूहळू मूठ सैल झाली. तिने कुऱ्हाड बाजूला टाकली, पंखाचा लोंबता तुकडा पिळून तोडला आणि त्याच्या हातात दिला.

“हा न्या. सगळ्यांसमोर वाकवून दाखवा.”

कडा तळव्यांत रुतत होत्या. तरी त्याने तो छातीशी आवळला आणि चालू लागला. दारापर्यंत पोचायच्या आत पत्रा त्याच्या मिठीत कापडासारखा दुमडला होता.