खोट्या घरातला फोन

मेंदूज्वरातून वागळेबाई वाचल्या, पण फोन कसा लावायचा, त्यावर कसं बोलायचं, हे त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. ते परत बसवायचं, पण आधी तपासून, हे रेवती डांगेचं काम. पूर्वी ती वेबसाइटची जावास्क्रिप्ट मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रामचे सुटे तुकडे, खोट्या ब्राउझरमध्ये चालवून बघायची. आता माणसांच्या डोक्यात बसवायची मॉड्यूलं संगणकातल्या खोट्या घरात चालवून बघते.

त्या घरात फोनचं मॉड्यूल बसवलेली बाईंच्या मनाची एक प्रत होती, एक फोन होता, आणि पलीकडे टोरांटोतल्या मुलाच्या जागी रेवतीनंच लिहिलेली दोन उत्तरं: "बोल ना आई, मला वेळ आहे," आणि "मग पुढे काय झालं?" चाचणीला दोन मिनिटं पुरली असती. प्रत पाऊण तास बोलली. बिघडलेल्या लोणच्यापासून त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आजारापर्यंत सगळं. रेवती ऐकत बसली आणि त्या नादात मॉड्यूलमधून चाचणीच्या आठवणी पुसायच्या राहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॉड्यूल खऱ्या बाईंच्या डोक्यात बसवलं. बाईंनी न अडखळता टोरांटोचा नंबर लावला.

"आई? अगं, मीटिंगमध्ये आहे. बरी आहेस ना? नंतर करतो."

मॉड्यूल बिनचूक चाललं होतं. रेवतीनं तशी नोंद केली.

बाईंनी फोन तिच्या हातात दिला.

"हा नव्हे गं," त्या समजुतीनं म्हणाल्या. "काल बोलला तो लावून दे."