दीडचं फाटक

"वाघाले भ्याचं कारण नाई. तोच आपल्याले भेते." मोहर्लीचे गाइड गुणवंतराव बावीस वर्षं पर्यटकांना हे सांगत आले होते. सांगताना ते जिप्सीत बसलेले असत. आज बुडाखाली मोटारसायकल होती, मागे मुलगी रंजीता, आणि वीस पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, वाघ आडवा पसरला होता.

आज रंजीताची डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा होती. चंद्रपूरच्या केंद्राचं फाटक दीडला बंद व्हायचं. ते हुकलं की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की मामाने शोधलेला ब्रह्मपुरीचा मुलगा बोहल्यावर चढायला तयारच होता.

"बाबा, साडेबारा झाले."

"हालू नको."

मागे एक कार येऊन थांबली. काच बोटभर खाली आली. "काका, उठवू नका हं त्याला. फोटो मस्त येतोय."

वाघ दिसावा म्हणून गुणवंतरावांनी आजवर कितीतरी नारळ बोलले होते. जावा म्हणून काय बोलतात, ते त्यांना सुचेना.

पावणेएकला वाघ उठला. पण जंगलाकडे वळला नाही. सरळ त्यांच्याकडेच यायला लागला.

रंजीताने बापाचा शर्ट मुठीत धरला आणि डोळे मिटून रक्ताभिसरणाचं पाठांतर सुरू केलं. "शिरा, उजवी कर्णिका, उजवी जवनिका, मग फुप्फुस..." फुप्फुसापाशी तिचा श्वास अडला. अगदी गुडघ्याजवळून काहीतरी उग्र वासाचं, जड, बिनआवाजाचं गेलं. मग बांबूत पाला वाजला. मग काहीच नाही.

"बाबा, मारा किक!"

गुणवंतरावांचा पाय किकवर ठरेना. तीनदा घसरला. शेवटी रंजीताने त्यांना मागे बसवलं आणि गाडी स्वतः हाणली. वाटेत तीन गतिरोधक होते. तिला एकही लागला नाही. गुणवंतरावांना तिन्ही लागले.

फाटकापाशी पोचली तेव्हा दीडला दोन मिनिटं कमी होती. तपासणीवाल्या बाई कुलूप हातात घेऊनच उभ्या होत्या.

"मॅडम, रस्त्यात वाघ होता!"

"वाघ सांगणारी आज तू चवथी," बाई तिच्या अंगावरून यंत्र फिरवत म्हणाल्या. ते नाकापाशी वाजलं. "चमकी चालत नाई. काढ लवकर."

रंजीताने बोटं नाकाला लावली. फिरकी सापडेना. सापडली, तर फिरेना. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुमीच काढून द्या ना. माहे हात थरथरून राह्यले."

बाईंनी कुलूप काखेत मारलं आणि फिरकीला हात घातला.