गोल तोंडं

सूर्यफुलाच्या खोडाचा छेद नीट आडवा गेला, तर जलवाहिन्यांची तोंडं गोल दिसतात. ब्लेड जरा तिरकं झालं की ती लांबट होतात. वर्गाला दाखवण्यासाठी मी नुकताच घेतलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या जाड भिंतींच्या मृत पेशींनी लाल रंग छान धरला होता आणि सगळी तोंडं गोल होती.

माझा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. तो आता सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. आपल्याला छेद घेता येत नाही, हे वर्गाला सांगणं मी दर सत्रात पुढे ढकलत होते.

प्रयोगशाळेचे परिचर शेलारमामा बेसिनपाशी काचा धूत होते.

"मामा, हा छेद माझा नाही."

"छेदावर काय नाव लिहिलेलं असतं का, मॅडम?"

"कधीपासून बदलताय?"

"झालं की वर्ष. तुम्ही रंगाची बाटली आणायला कपाटाकडे वळता ना, तेवढ्यात." त्यांनी नळ बंद केला. "तुमचंच बघून शिकलोय. ब्लेड दाबायचं नाही, ओढायचं."

मी त्यांच्यासमोर आणखी एक छेद घेतला. तोंडं लांबट आली. मामांनीही डोळा लावून पाहिलं.

तास सुरू झाला. मुलं टेबलाभोवती जमली. मी ब्लेड मामांच्या हातात दिलं.

"छेद कसा घ्यायचा, ते आजपासून शेलार सर शिकवतील. मला आता जमत नाही."