मूर्तिजापूर सोडलं

"माही खुर्ची कोनं वर केली व?"

गोदावरीताई पुटपुटल्या ते कोणाला उद्देशून नव्हतं. पण खोलीत त्यांच्याशिवाय फक्त त्यांची तरुण सहकारी प्रणाली होती.

"मी बसली होती ताई, काल. तुमचा कोड वाचाले." ती उठली, वाकली आणि खुर्ची पूर्वीसारखी करून दिली. ताई बसल्या. उंची अगदी बरोबर जमली होती. त्याचाही त्यांना राग आला.

अमरावतीच्या या कारखान्यात संत्र्यांची वजनावरून प्रतवारी करणारी यंत्रं बनत. यंत्रातला बोर्ड अडला, की त्यावरच्या प्रोग्रामच्या पोटात डोकावून नेमकं कुठे अडलं ते दाखवणारा डीबगर ताईंनी लिहिला होता. कोणी शिकवलं नव्हतं. पुस्तकं वाचून, चुकून, पुन्हा वाचून. तो फक्त त्यांच्याच संगणकावर चाले. म्हणून सहा वर्षं ज्याचा बोर्ड अडे, तो ताईंच्या टेबलाशी येई. अकोल्याकडची यंत्रं दुरुस्त करणारा धम्मदीप तर दर मंगळवारी तिथून एस.टी.ने यायचा, बोर्ड डब्याच्या पिशवीत घालून. वाटेतून त्याचा फोन येई, "मूर्तिजापूर सोडलं, ताई." मग ताई टेबलाजवळचं स्टूल पुसून ठेवत आणि आपल्या डब्यातल्या दोन पोळ्या बाजूला काढत.

महिन्यापूर्वी नव्या जातीचा बोर्ड आला. तो आकडे उलट्या बाजूने मांडणारा. ताईंच्या डीबगरने एकशे ऐंशी ग्रॅमचं संत्रं शेहेचाळीस किलोचं दाखवलं. "वरूडचे संत्रेवाले खूश होतीन," असं म्हणून मालक नितेशभाऊ पोट धरून हसले, आणि काम प्रणालीला दिलं. कोणत्याही संगणकावरून कोणताही बोर्ड तपासता आला पाहिजे.

तिने तीन आठवड्यांत केलं. संगणकापुरतं ते एका फायलीत, बोर्डापुरतं ते दुसरीत, आणि या दोघांशी देणंघेणं नसलेलं सगळं मधे.

"मधलं सारं तुमचंच हाय, ताई," ती म्हणाली होती. "मी फक्त इकडचं इकडे अन् तिकडचं तिकडे केलं."

आज सकाळपासून ताई तिच्या कामात चूक शोधत होत्या. एखादी सापडली असती तर पोरीला माफ करता आलं असतं. फायलीच्या माथ्यावर ताईंचं नावही तसंच होतं. खाली बदलांची यादी, प्रत्येक बदल कारणासकट मांडलेला. ताईंनी ती दोनदा वाचली. एकच बदल यादीत नव्हता. सहा वर्षांपूर्वी त्यांनी कोडात खोल कुठेतरी एक ओळ घातली होती: संगणकाचं नाव 'गोदा' नसेल, तर मुकाट्याने बंद हो. ती ओळ आता नव्हती. ती काढल्याची नोंदही नव्हती.

ताईंनी मान वर केली. प्रणाली संत्रं सोलत होती. अर्धं तिने ताईंपुढे धरलं. ताईंनी घेतलं नाही. चोविसाव्या वर्षी माणसाने इतकं शहाणं असावं का?

नितेशभाऊ फोन हातात धरूनच आत आले. "ऐका, ऐका. अकोल्याहून धम्मदीप हाय." त्यांनी फोन ताईंच्या टेबलावर ठेवला.

"ताई, चाललं!" फोनमधून धम्मदीप ओरडला. "माह्या लॅपटॉपवर! एकशे ऐंशीचं एकशे ऐंशीच दावून राहिलं. आता मंगळवारची एस.टी. बंद!"

तो इतका खूश होता, की ताईंना स्टुलाकडे पाहवेना.

"मंग मले एक सांगा," नितेशभाऊ म्हणाले, "इतके वर्सं हे दुसऱ्याच्या मशीनवर काहून चालत नोयतं?"

सहा वर्षांत याची बरीच कारणं निघाली होती. वायर खराब, व्होल्टेज कमी, उन्हाळ्यात धूळ. सगळी कारणं ताईंच्याच टेबलाशी बसून, चहा पिता पिता काढलेली. कोड उघडून बघू, असं मात्र कोणी कधी म्हणालं नव्हतं.

"जुन्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता, सर," प्रणाली कीबोर्डकडे बघत म्हणाली. "त्याच्यानं बंद पडे."

म्हणजे झाकायचंही हिनेच. तेवढं मात्र ताईंनी तिला करू दिलं नाही.

"ड्रायव्हर-फ्रायव्हर काही नोयतं," त्या म्हणाल्या. "मीच बंद पाडत होती. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर चालू नये म्हणून."

प्रणालीच्या हातातली फोड हातातच राहिली. ताईंनी फोन स्वतःकडे ओढला.

"सहा वर्सं तुले एस.टी.त मीच बसवलं, धम्मदीप. तू मूर्तिजापूर सोडलं म्हणे न, तं मले वाटे, आज माह्याकडे कोणी येऊन राहिलं."