काचेवरची पुसलेली जागा

दूध आणायला रोज एवढा वेळ? नवरा जिना उतरला तशी बायकोनेही पायात चपला सरकवल्या. डेअरी उजवीकडे, स्वारी निघाली डावीकडे, थेट बागेत. पाणी कुठेतरी मुरत होतं.

‘म्हातारचळ, दुसरं काय,’ असं पुटपुटत ती झाडाआड उभी राहिली. तळ्याकाठच्या फरसबंद रस्त्यावर बागेचा इतिहास सांगणारे फलक नुकतेच लागले होते, जुने फोटो काचेत बसवलेले. नवरा शेवटच्या फलकापाशी थांबला. इकडेतिकडे बघून त्याने खिशातून रुमाल काढला आणि हळूहळू काच पुसू लागला. संध्याकाळी दोघं फिरायला येत, तेव्हा नेमकी इथेच त्याची चाल वाढायची. तिचे कान तापले.

ती तरातरा पुढे गेली. बाकी सगळ्या काचांवर धूळ, इथे मात्र एकच चेहरा लख्ख. झोपडीच्या दारात एक तरुण बाई उभी होती, कडेवर पोर.

“कोण ही?”

त्याच्या हातातला रुमाल गळून पडला. “अगं, तू इथे कशी?”

“विचारतेय ते सांगा.”

“आई,” तो म्हणाला. “कडेवर मी आहे.”

“आईचा फोटोच नाही म्हणायचात ना?”

“नव्हताच. हे फलक लागले तेव्हा पहिल्यांदा पाहिला.”

“आणि ते तळ्याकाठचं मोठं घर? माझ्या बाबांना सांगितलेलं?”

“तळ्याकाठी होतं, एवढं खरं.” त्याने बुटाने फरशी दाखवली. “इथेच. बाग वाढवली तेव्हा पाडलं.”

तिला राग आला होता. इतकी वर्षं एका घरात राहून हा माणूस तिला घाबरला, याचा राग. तिने खाली वाकून रुमाल उचलला आणि झटकला.

तेवढ्यात फेरी मारणारे एक गृहस्थ फलकापाशी थांबले. चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागले, “‘विस्तारापूर्वी ही जागा ओसाड व निर्मनुष्य होती.’ वा! काय कायापालट केलाय, नाही?”

नवरा मान खाली घालून निघाला. बायकोने त्याची बाही धरली. दुसऱ्या हाताने तिने कडेवरच्या पोराच्या तोंडावरची धूळ पुसली.

“निर्मनुष्य नव्हती हो,” ती गृहस्थांना म्हणाली. “या माझ्या सासूबाई.”